नगराच्या पाण्याची राखण

नगराची संपत्ति कोणती, असा प्रश्न केला असतां बहुतेक लोक तेथील बाजार, रस्ते, शाळा, देवळें आणि कचेऱ्या यांकडे बोट दाखवितील. परंतु प्रत्येक नगराची एक मोठी संपत्ति अशी असते कीं, ती सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. ती जमिनीखालीं दोन-तीन हात खोल पुरलेली असते, नदीकांठच्या विहिरींत बुडालेली असते, किंवा गांवाबाहेरील टेकाडावर कुंपणाआड उभी असते. ही संपत्ति म्हणजे नगराच्या पाणीपुरवठ्याची सामग्री होय. पहाटे नळाला पाणी आलें म्हणजे आपण घागर भरून घेतों. त्या घागरीमागें किती यंत्रें, किती लांबीचे नळ आणि किती माणसांचे श्रम उभे आहेत, याचा विचार करीत नाहीं. पाणी आलें नाहीं म्हणजे मात्र नगरपालिकेला बोल लावतों. या अदृश्य संपत्तीची ओळख करून द्यावी, आणि ती बांधण्याइतकीच, किंबहुना त्याहूनहि अधिक, ती राखण्याला विद्या व शिस्त लागते हें चंद्रपूर-गडचिरोलीच्या आपल्या वनप्रदेशांतील उदाहरणांवरून दाखवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

चंद्रपूर हें जुन्या राजधानीचें शहर. इरई व झरपट या दोन नद्यांच्या आश्रयानें गोंड राजांनीं तें वसविलें आणि त्याभोंवतीं दगडी परकोट उभारला. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे आजहि प्रसिद्ध आहेत. दोन नद्या जवळ असतांनाहि त्या राजांनीं केवळ नद्यांवर भिस्त ठेविली नाहीं. रामाळा तलावांतील पाणी जमिनीखालून नळांनीं शहरांत खेळविलें. पाणी उंचावर सांठवावें, आपल्या वजनानेंच तें खालीं उतरूं द्यावें, आणि वाटेंत घाण मिसळूं नये म्हणून तें झांकून न्यावें, हीं जलविद्येचीं तीन मुख्य तत्त्वें त्यांना पूर्णपणें अवगत होतीं. १७५१ सालीं चांद्याचें गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. राज्य गेलें तरी तलाव राहिला. परंतु त्याची निगा राखणारी व्यवस्था मात्र राहिली नाहीं. ज्या तळ्याचें पाणी एके काळीं राजधानी पीत होती, त्याच तळ्यांत पुढें सांडपाणी येऊं लागलें, जलपर्णी माजली, आणि त्याच्या शुद्धीकरणाकडे लक्ष वेधण्यासाठीं २०२१ सालीं इको-प्रो या स्थानिक संस्थेला उपोषणाचा मार्ग धरावा लागला. बांधणारे थोर असले तरी राखणारे नसतील, तर उत्तम कामाचीहि काय दशा होते, याचें हें उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरच आहे.

आतां शहराची वाढ पाहूं. चांद्याची नगरपालिका १८६७ सालीं स्थापन झाली. १९०१ च्या शिरगणतींत शहराची वस्ती १७,८०३ होती; २०११ च्या शिरगणतींत ती ३,२०,३७९ भरली, आणि त्याच वर्षीं २५ ऑक्टोबर रोजीं चंद्रपुरास महानगरपालिका लाभली. एवढ्या वस्तीची तहान एका तलावानें किंवा वाड्यावाड्यांतील विहिरींनीं भागणें शक्य नव्हतें. म्हणून इरई नदीवरील धरणाचा आधार घ्यावा लागला. हें धरण मुख्यतः चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्रासाठीं बांधलें गेलें; शहराला पिण्याचें पाणीहि त्यांतूनच मिळतें. एकाच सांठ्यावर वीज आणि तहान अशीं दोन ओझीं असल्यामुळें कठीण प्रसंग येतो. २०१० च्या उन्हाळ्यांत धरणांतील पाणी इतकें खालीं गेलें कीं, वीज निर्माण करणारे संच बंद ठेवणें भाग पडलें. ज्या प्रदेशांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेथें पाण्याचा एक-एक घडा कोठें जातो हें ठाऊक असणें म्हणजे केवळ हिशेबाची हौस नव्हे. तो जीवनमरणाचा प्रश्न होय.

धरणांतून अगर नदींतून निघालेलें पाणी आपल्या घागरींत येईपर्यंत कोणकोणत्या वस्तूंतून जातें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. नदीच्या पात्रांत किंवा धरणाच्या कांठीं एक खोल, पक्की बांधलेली विहीर असते. तिला कारागीर लोक जॅकवेल म्हणतात. तींत आलेलें पाणी पंप उचलतात आणि मोठ्या व्यासाच्या चढत्या नळानें शुद्धीकरण केंद्राकडे ढकलतात. तेथें पाण्यांत तुरटी मिसळतात. तुरटीमुळें मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात व तळाशीं बसतात. मग तें पाणी वाळूच्या गाळण्यांतून सोडतात आणि शेवटीं जंतुनाशासाठीं त्यांत क्लोरीन घालतात. शुद्ध झालेलें पाणी दुसरे पंप उंच टाकींत चढवितात. टाकी उंच कां, तर वीज गेली तरी पाणी आपल्या वजनानें घरोघरीं पोंचावें म्हणून. टाकींतून मोठे नळ, मोठ्या नळांतून गल्लीबोळांतील लहान नळ, जागोजाग व्हॉल्व्ह, आणि शेवटीं घरची तोटी. या साखळींतील एक कडी निसटली तरी बाकीच्या सर्व कड्या निरुपयोगी ठरतात. पंप उत्तम असला आणि रोहित्र जळालें, तर टाकी कोरडी. टाकी भरलेली असली आणि मुख्य नळ फुटला, तर घागर कोरडी.

अशा संपत्तीच्या राखणीची पहिली पायरी म्हणजे तिची नोंद. शेतकरी आपल्या गोठ्यांतील बैल नांवानें ओळखतो, वाणी आपल्या दुकानांतील पोतीं मोजून ठेवतो; परंतु आपल्या मालकीचे नळ किती, ते कोणत्या रस्त्याखालून गेले आहेत, कोणत्या सालीं पुरले, लोखंडाचे कीं सिमेंटचे, त्यांचा व्यास किती, या प्रश्नांचीं पक्कीं उत्तरें अनेक गांवांच्या दप्तरांत सांपडत नाहींत. योजना एक खातें बांधतें आणि चालविण्यासाठीं दुसऱ्याच्या हवालीं करतें. या देवघेवींत नकाशे गहाळ होतात, अथवा कागदावर एक मार्ग आणि प्रत्यक्षांत दुसरा, असा प्रकार घडतो. मग खरा नकाशा राहतो तो एका माणसाच्या डोक्यांत. तो माणूस म्हणजे चावीवाला. कोणत्या चौकांतील कोणती चावी किती फेरे फिरविली म्हणजे कोणत्या आळीला पाणी जातें, डांबराखालीं कोणता व्हॉल्व्ह गाडला गेला आहे, कोणत्या वळणावर नळ नेहमीं फुटतो, हें त्याला तोंडपाठ असतें. तो सेवानिवृत्त झाला म्हणजे शहराचा अर्धा नकाशा त्याच्याबरोबर घरीं जातो. म्हणून जाणते अभियंते प्रथम चावीवाल्यास बरोबर घेऊन गल्लोगल्लीं हिंडतात आणि त्याचें ज्ञान कागदावर, व आतां संगणकावरील नकाशावर, उतरवून घेतात. प्रत्येक पंपाला, व्हॉल्व्हला, टाकीला क्रमांक देतात. तो कोठें आहे, केव्हां बसविला, काय किंमत पडली, केव्हां दुरुस्त केला, आज त्याची प्रकृति कशी आहे, हें त्या क्रमांकापुढें लिहितात. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नगरपालिका लेखासंहितेनेंहि नगरपालिकांनीं आपल्या स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही ठेवावी, असें सांगितलें आहे. ही वही कंटाळवाणी दिसते. परंतु वैद्य ज्याप्रमाणें रोग्याचा पूर्वेतिहास विचारल्याशिवाय औषध देत नाहीं, त्याप्रमाणें या वहीशिवाय कोणता नळ आधीं बदलावा याचा निर्णय करतां येत नाहीं.

दुसरी पायरी म्हणजे गळतीचा शोध. आपल्या देशांत २००८ सालीं केंद्र सरकारनें नगरांच्या पाणीपुरवठ्याचीं कांहीं मापें ठरविलीं. माणशीं रोज १३५ लिटर पाणी मिळावें, आणि सोडलेल्या पाण्यापैकीं ज्याचा हिशेब लागत नाहीं अशा पाण्याचें प्रमाण शेंकडा २० पेक्षां अधिक नसावें, हीं त्यांपैकीं दोन होत. आतां आपण त्रैराशिक मांडूं. ३,२०,३७९ माणसांना १३५ लिटरप्रमाणें रोज सुमारें ४ कोटी ३२ लाख लिटर पाणी घरोघरीं पोंचलें पाहिजे. वाटेंत शेंकडा २० वायां जात असेल, तर उगमापाशीं ५ कोटी ४० लाख लिटर उचलावें लागेल. शेंकडा ४० वायां जात असेल, तर ७ कोटी २० लाख लिटर लागेल. लोक तेच, त्यांची तहान तीच; परंतु केवळ नळांच्या प्रकृतीमुळें धरणांतून रोज १ कोटी ८० लाख लिटर अधिक उपसावें लागेल, तें शुद्ध करावें लागेल, आणि त्यासाठीं तुरटी, क्लोरीन व वीज खर्चावी लागेल. म्हणून गळती थांबविणें हें नवें धरण बांधण्यासारखेंच आहे. फरक इतकाच कीं, या धरणाखालीं जंगल बुडत नाहीं आणि गांव उठत नाहीं.

एक लहानसें छिद्र काय करतें तेंहि पाहा. नळांतील पाण्यावर २० मीटर उंचीच्या टाकीइतका दाब असेल आणि नळाला अवघें ३ मिलिमीटर व्यासाचें भोंक पडलें असेल, तर त्यांतून चोवीस तासांत सुमारें ७,००० लिटर पाणी निघून जातें. माणशीं १३५ लिटर धरले तर हें ५० माणसांचें एका दिवसाचें पाणी झालें. असें भोंक रस्त्यावर कारंजें उडवीत नाहीं; पाणी गुपचूप जमिनींत मुरतें, आणि मुरमाड जमीन असली तर वर ओल देखील दिसत नाहीं. तें शोधण्यासाठीं जाणकार मनुष्य रात्रीं, शहर झोंपीं गेल्यावर, नळावर कान लावून ऐकतो. त्यासाठीं श्रवणदंड व विजेवर चालणारीं यंत्रें मिळतात. दुसरा उपाय असा कीं, शहराचे लहान-लहान विभाग पाडावे, प्रत्येक विभागाच्या तोंडाशीं मीटर बसवावा, आणि मध्यरात्रीं कोणीहि पाणी वापरीत नसतांना किती पाणी आंत जातें तें मोजावें. त्या वेळीं आंत गेलेलें बहुतेक पाणी गळतीचेंच असतें. मात्र ही कसोटी नळांत रात्रंदिवस पाणी असेल तेव्हांच लागू पडते.

येथें आपल्याकडील एका मोठ्या अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या बहुतेक गांवीं नळाला दिवसांतून तास-दोन तासच पाणी येतें. पाणी बंद झालें म्हणजे नळ रिकामा होतो आणि त्यांत पोकळी उत्पन्न होते. नळ जर गटाराच्या कडेनें गेला असेल आणि त्याला चीर असेल, तर जी चीर पाणी असतांना पाणी बाहेर टाकीत होती, तीच आतां बाहेरची घाण आंत ओढूं लागते. दुसऱ्या दिवशीं पहिल्या पाण्याबरोबर ती घाण घागरींत येते. म्हणजे फुटका नळ केवळ पाण्याचा चोर नव्हे, तो रोगाचा वाटाड्याहि आहे. याचसाठीं शेवटच्या घरच्या तोटीवरहि पाण्यांत दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावें, असा नियम आहे. सामग्रीवरील नजर हटली म्हणजे काय होतें, याचें भयंकर उदाहरण आपल्या राजधानींत घडलें. १९५५ च्या अखेरीस दिल्लींत यमुनेचें पात्र सरकल्यामुळें नजफगडच्या नाल्याचें मलिन पाणी वझिराबाद येथील पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आलें, आणि पुढील कांहीं आठवड्यांत सुमारें २९ हजार माणसांना कावीळ झाली. तेथें पंप चालू होते, गाळण्या चालू होत्या. परंतु नदीनें आपली जागा बदलली होती.

तिसरी पायरी वस्तूंच्या आयुष्याची. प्रत्येक वस्तूला आपलें-आपलें आयुर्मान असतें. पाणीपुरवठ्याची योजना आंखतांना भारतांत जीं प्रमाणें धरतात तीं अशीं: धरण ५० वर्षांची गरज पाहून बांधावें, नळ व पंपघराची इमारत ३० वर्षांची गरज पाहून करावी, पंप, मोटरी, शुद्धीकरणाचीं यंत्रें आणि वांटपाच्या टाक्या १५ वर्षांची गरज पाहून उभाराव्या. याचा अर्थ असा कीं, एकदां कोनशिला बसविली म्हणजे काम संपलें, असें कधींच होत नाहीं. धरण तरुण असतांनाच पंप म्हातारा होतो. आणि म्हातारा पंप एकाएकीं मरत नाहीं, तो आधीं विजेचा खादाड होतो. १ कोटी लिटर पाणी ४० मीटर उंच चढवावयाचें आहे असें समजा. पंप व मोटर मिळून शेंकडा ७० इतकें काम चोख देत असतील, तर त्याला सुमारें १,५५० युनिट वीज लागेल. तेंच काम झिजलेल्या पंपानें शेंकडा ५० नें केलें, तर सुमारें २,१८० युनिट लागेल. म्हणजे रोजचे ६२० युनिट, आणि वर्षाचे सव्वादोन लाखांहून अधिक युनिट, केवळ झिजेपायीं व्यर्थ गेले. पंप चालू आहे म्हणून तो ठीक आहे, असें समजणारा कारभारी दर महिन्याला विजेच्या बिलांत नव्या पंपाचा हप्ता भरीत असतो. मात्र नवा पंप त्याला मिळत नाहीं.

यावरून चौथी पायरी ओघानेंच येते, आणि ती पैशाची. समजा, एका लहान नगरपालिकेनें १५ लाख रुपयांचा पंप घेतला आणि तो १५ वर्षें चालेल असा अंदाज केला. तर दर वर्षीं १ लाख रुपयांचा पंप झिजतो, असें मानून तितकी रक्कम बाजूला काढली पाहिजे. व्याजामुळें ती वाढेल, महागाईमुळें अपुरी पडेल. तरी सोळाव्या वर्षीं हातांत कांहीं तरी असेल. जो कारभार पाणीपट्टींतून केवळ विजेचें बिल आणि पगार भागवितो, तो वास्तविक दर वर्षीं आपल्या संपत्तीचा एक तुकडा विकून खात असतो. सरकारी अनुदानें नव्या कामांना सुलभतेनें मिळतात. २०१५ सालीं केंद्र सरकारनें अमृत योजना काढली, तींत एक लाखावर वस्तीचीं शहरें घेतलीं, आणि चंद्रपुरास तिचा लाभ मिळाला. २०२१ सालीं तिचा दुसरा टप्पा लहान शहरांनाहि खुला झाला. परंतु झिजलेल्या वॉशरसाठीं किंवा गंजलेल्या व्हॉल्व्हसाठीं कोणी समारंभ करीत नाहीं. नव्या टाकीच्या उद्घाटनाला मांडव पडतो, हारतुरे येतात. जुनी टाकी धुवून काढणाऱ्याचें नांवहि कोणी विचारीत नाहीं. ही लोकांची वृत्ति बदलल्यावांचून पाणीपुरवठा सुधारणार नाहीं.

पैसा थोडा आणि कामें फार, ही स्थिति सर्वत्र असते. तेव्हां कोणतें काम आधीं करावें? याला एक साधी रीत आहे. प्रत्येक वस्तूविषयीं दोन प्रश्न विचारावे: ही बिघडण्याचा संभव किती, आणि बिघडली तर किती लोकांचें पाणी जाईल? ज्या वस्तूसंबंधीं दोन्ही उत्तरें मोठीं, ती प्रथम. गल्लींतील जुना नळ वारंवार फुटला तरी वीस घरांची गैरसोय होते. पण जॅकवेलपासून येणारा चढता नळ एकच असेल आणि तो फुटला, तर सारें शहर तहानेलें राहतें. म्हणून दुसरा नळ टाकतां आला नाहीं तरी त्याच व्यासाचे दोन-चार नळ व सांधे गोदामांत ठेवावे, एक पंप सदैव राखीव असावा, आणि राखीव पंपहि आठवड्यांतून एकदां चालवून पाहावा. कारण न चालविलेला पंप ऐन वेळीं जाम झालेला आढळतो.

गडचिरोली जिल्ह्यांत या रीतीचें महत्त्व विशेष आहे. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूरपासून वेगळा झाला. गडचिरोली शहर वैनगंगेच्या पाण्यावर जगतें. ही नदी पावसाळ्यांत दुथडी भरून गढूळ वाहते, आणि उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत वाळूचीं मैदानें उघडीं पडून प्रवाह जॅकवेलपासून दूर सरकतो. एकाच विहिरीला चार महिन्यांच्या अंतरानें पूर आणि टंचाई, दोहोंशीं झुंजावें लागतें. पुरांत पंपघर बुडतें, गाळण्या मातीनें भरतात, तुरटी अधिक लागते. उन्हाळ्यांत वाळूंतून चर खणून पाणी विहिरीकडे वळवावें लागतें. दक्षिणेकडे गेलें असतां अडचण आणखी वाढते. भामरागड हें इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावर वसलेलें आहे. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलें म्हणजे त्याचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटतो. अशा ठिकाणीं पंपाची मोटर जळाली, तर शहरांतून कारागीर येण्याची वाट पाहतां येत नाहीं. तेथें सुटे भाग, तुरटी आणि क्लोरीनची भुकटी यांचा सांठा मृगाच्या आधींच भरून ठेविला पाहिजे, आणि दुरुस्ती करणारा हात गांवांतलाच तयार केला पाहिजे. जो शेतकरी पावसाच्या आधीं घर शाकारतो, सरपण आंत घेतो आणि बियाणें राखून ठेवतो, त्याला ही गोष्ट शिकविण्याची गरज नाहीं; नगराच्या कारभारानें तीच शेतकऱ्याची दृष्टि घ्यावी, म्हणजे झालें.

राखणीचा प्रश्न अखेरीस मालकीच्या जाणिवेचा आहे, हें आपल्या प्रदेशांतील तलावांनीं सर्वांत स्पष्ट दाखविलें आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत हजारों जुने तलाव आहेत. गोंड राजवटींत तलाव बांधणाऱ्यास जमिनीचे हक्क देण्याची चाल होती, असें परंपरा सांगते. कोहळी लोक या कामांत फार निपुण गणले जात. पुढें हे तलाव मालगुजारांकडे आले. मालगुजार कसाहि असला तरी पाळ फुटली तर आपलेंच धान बुडेल हें तो जाणत होता. म्हणून उन्हाळ्यांत गांव जमवून गाळ काढणें, पाळ चोपणें, सांडव्याची डागडुजी करणें हीं कामें होत असत. मालगुजारीची पद्धति अन्यायाची होती आणि १९५१ सालीं ती गेली, हें उत्तमच झालें. परंतु तलाव सरकारकडे आले तेव्हां त्यांबरोबर राखणीची जबाबदारी गांवागांवांत नीट वांटली गेली नाहीं. आज त्यांना माजी मालगुजारी तलाव, आणि थोडक्यांत मामा तलाव, म्हणतात. कित्येक मामा तलाव गाळानें भरून उथळ झाले. कोठें त्यांत शेतें शिरलीं, कोठें घरें. जुना मालक गेला आणि सर्वजण मालक झाले. परंतु सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं, या म्हणीप्रमाणें घडलें. नगराचे नळहि आज सर्वांचेच आहेत; तेव्हां हा धडा त्यांनाहि लागू आहे.

उलट चांगलीं उदाहरणेंहि आपल्या महाराष्ट्रांत आहेत. सातारा जिल्ह्यांतील मलकापूर या लहान गांवानें चोवीस तास नळाला पाणी ठेवण्याची योजना यशस्वी करून दाखविली. घरोघरीं मीटर बसविले, वापराप्रमाणें पट्टी घेतली, गळती बंद केली. नळ सतत भरलेला राहूं लागल्यावर लोकांनीं पाणी सांठविणें व शिळें म्हणून ओतून देणें सोडलें. मोठ्या शहरालाच हें साधेल, हा समज त्यामुळें खोटा ठरला. जगांत इतरत्रहि हाच विचार चालू आहे. २०१४ सालीं मालमत्तेच्या व्यवस्थापनासाठीं आय.एस.ओ. ५५००० ही आंतरराष्ट्रीय मानकमाला प्रसिद्ध झाली. तिचा सारांश साध्या मराठींत सांगावयाचा तर असा: आपणांजवळ काय आहे तें जाणा, त्याची प्रकृति तपासा, कशाची किती गरज आहे तें ठरवा, आणि बिघडण्याची वाट न पाहतां वेळींच खर्च करा. आपल्या आज्या-पणज्या माठ, रांजण आणि विहिरीचा दोर यांच्या बाबतींत हेंच करीत असत.

मग आपण विद्यार्थ्यांनीं व नागरिकांनीं काय करावें? पहिली गोष्ट, पाणीपट्टी वेळेवर द्यावी, आणि ती दिल्यावर तिच्यांतून दुरुस्तीसाठीं किती राखून ठेवलें जातें, हें विचारण्याचा हक्कहि बजावावा. दुसरी, रस्त्यांत ओल दिसली, व्हॉल्व्हच्या खड्ड्यांत पाणी सांचलें, नळाला गढूळ पाणी आलें, तर ‘कोणी तरी सांगेल’ असें न म्हणतां त्याच दिवशीं कळवावें; जागा, वेळ आणि तारीख नेमकी सांगितली तर दुरुस्ती करणाऱ्याचें अर्धें काम होतें. तिसरी, नळाला परस्पर मोटर लावून पाणी ओढूं नये. त्यानें शेजाऱ्याचें पाणी तर जातेंच, पण नळांतील पोकळी वाढून घाण आंत येते. चौथी, पाणी वाहून जाऊं देणारी तुटकी तोटी आपल्या घरीं, शाळेंत किंवा सार्वजनिक नळकोंडाळ्यावर दिसली तर ती बदलून घ्यावी. एखाद्या वर्गानें आपल्या शाळेपुरती अशी नोंदवही करावयास काय हरकत आहे? शाळेंत नळ किती, टाक्या किती, त्या केव्हां धुतल्या, कोणती तोटी गळते, एका मिनिटांत किती थेंब गळतात, याचा तक्ता करावा. गणिताच्या तासाला त्याचें वर्षाचें पाणी काढावें, आणि तें आंकडे मुख्याध्यापकांपुढें ठेवावे. नगराच्या अभियंत्यास जी विद्या लागते तिचीं मुळाक्षरें या एका तक्त्यांत आहेत.

पाण्याचा नळ ही आपल्याला मिळालेली देणगी नव्हे. तो आपल्या हवालीं केलेला ठेवा आहे. तो आपल्या आधींच्या पिढीच्या पैशानें पुरला गेला, आणि आपल्या मागून येणाऱ्या पिढीची तहान त्याला भागवावयाची आहे. ज्या दिवशीं नळाला नियमितपणें स्वच्छ पाणी येतें, त्या दिवशीं वर्तमानपत्रांत कांहीं छापून येत नाहीं, आणि कोणी भाषण करीत नाहीं. तरी कोणीतरी पहाटे उठून पंप चालू केलेला असतो, कोणीतरी चावी फिरविलेली असते, आणि कोणीतरी वहींत त्याची नोंद केलेली असते. त्यांचें काम चोख राहावें यासाठीं लागणारा पैसा, माणसें आणि मान देणें, हें ज्या नगराला समजलें त्याची घागर रिकामी राहत नाहीं.